बापूंपुढे न ठेवलेलं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलींना नाही. देवळात देवापुढे उभी राहूनही नाही — तिथे तर मी डोळे मिटून भलतंच काहीतरी मागत राहायची, म्हणजे मन त्या बाजूला वळायलाच नको. तुम्हाला सांगते, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. चेहरा दिसला की माझी जीभ आत ओढली जाते, हे मला आता कळून चुकलंय.

मी शाळेत गेलेली बाई नव्हे. आमच्या मोका गावाला बैठका होता, म्हणजे संध्याकाळी मुलग्यांना भाषा शिकवायची पत्र्याची खोली. तिच्या दाराशी बसून मी अक्षरं उचलली. तेव्हा बोलते तशीच लिहीन. कुठे अडखळले तर थांबा जरा माझ्यासाठी.

मागच्या महिन्यात काय झालं — नात आली होती रोझ हिलहून. मी ब्रेद निवडत होते, पालेभाजी हो, तिनं टीव्ही लावला. एक माणूस खुर्चीत बसलेला. जगभर त्याचं नाव, म्हणाली. त्याचा हात मांडीवर थरथरत होता आणि तो माणूस हात लपवत नव्हता! इतक्या लोकांसमोर आजाराचं नाव घेऊन बोलत होता. पार्किन्सन. मी निवडलेली भाजी परत न निवडलेल्यात टाकली.

नात म्हणाली, "आजी, ह्यानं सांगितल्यापासून लोक बोलायला लागलेत बघ. आमच्या ऑफिसातल्या एकीनं परवा बापाला दोक्तेरकडे नेलं. दोन वर्षं घरात लपवून ठेवलेला." आणि मग सहज, केसांची रिबीन सोडता सोडता — "तुझ्या बापूंचा हात पण हलायचा ना गो? पण ते दारूनं, ना?"

मी काय बोलले असेन?

काही नाही. पुन्हा एकदा काही नाही.

तर आता बापूंचं सांगते. ते कोण होते हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. बापू म्हणजे माझे वडील. सरकारी रस्ते खात्यात कारकून — आमच्या घराण्यात पहिल्यांदा ऊस सोडून कागदाला हात लावला तो त्यांनी. अक्षर असं की साहेब लोकसुद्धा निमंत्रणपत्रिका लिहून घ्यायचे. पण आमच्या ह्या बेटावरची, ऊस तोडायला आणलेल्यांच्या पोटची मराठी माणसं त्यांना ओळखायची ती वेगळ्या कारणानं. गणपतीच्या झाकरीत, म्हणजे रिंगण धरून नाचत गातात त्यात, मृदंग त्यांचा, पहिलं गाणं त्यांचं. आणि पंधरा दिवसांनी एकदा, रविवारी, रेडिओवर पाव तास मराठी बोलायचे नि शेवटी एक भजन म्हणायचे. पाव तास! पण ज्या घरी रेडिओ असेल त्या घरी अख्खी गल्ली येऊन बसायची. जी माणसं घरात क्रेओल बोलत तीही यायची, कळो न कळो. "रेडिओवाले बापू" म्हणत त्यांना.

त्यांच्या शब्दाला काय वजन होतं, एकच सांगते. मलेरियाचे दिवस होते. सरकारची माणसं घरोघर भिंतींवर औषध फवारायला येत आणि बायका दारं लावून घेत — देवाच्या खोलीत परक्या माणसाला पंप घेऊन कोण शिरू देईल? बापू रेडिओवर म्हणाले, "मी माझ्या गणपतीची तसबीर उतरवली, अंगणात आणली, भिंत फवारून घेतली, परत लावली. देव काही रुसला नाही." बस, एवढंच. पुढल्या आठवड्यात गावोगाव बायका तसबिरी काखेत मारून अंगणात उभ्या! फवारणीवाले हसत सुटले. सरकारची पत्रकं गेली चुलीत, बापूंचं एक वाक्य पुरलं. असं का होतं? ओळखीचा आवाज असतो म्हणून? मला ठाऊक नाही. पण होतं खरं. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून माझा गुन्हा आणखी मोठा.

मग हात हलायला लागला. उजवा. आधी अंगठा आणि शेजारचं बोट, जणू विडीची तंबाखू मळतायत. मग अक्षर बारीक झालं. ओळीच्या सुरुवातीला हरभऱ्याएवढं, शेवटी मोहरीएवढं. ऑफिसानं लवकर घरी बसवलं. इस्पितळातल्या दोक्तेरनं त्यांना चालायला लावलं, बोटं टिचकवायला लावली, नाव लिहायला लावलं आणि ते बारीक नाव बघून आजाराचं नाव सांगितलं. म्हणाला, मेंदूच्या नसांचं दुखणं आहे. पिण्यानं नाही, कुणाच्या करणीनं नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, पोरांतही सहसा उतरत नाही. गोळ्या दिल्या, त्यानं थोडं बरं वाटायचं. बसमधून येताना बापूंनी ते नाव माझ्याकडून चारदा म्हणवून घेतलं, शाळामास्तरासारखं.

आई लहानपणीच गेलेली, घरात आम्ही दोघंच. त्यामुळे रेडिओचं लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते सांगायचे, मी लिहायची. आणि तिकडे रेडिओच्या खोलीतही मी बरोबर जायची, कारण त्यांनी पान हातात धरलं की ते फडफडायचं नि ती फडफड यंत्रात शिरून सगळ्या बेटावर ऐकू जायची. म्हणून पानं मी धरायची. एकेक सुटं पान त्यांच्या डोळ्यांसमोर. वाचून झालं की माझ्या मांडीवर पालथं, आवाज न करता. दोन वर्षं मी त्यांचा उजवा हात होते. अभिमान होता मला त्याचा — आज लिहायलाही लाज वाटते.

एकदा ते बों अक्योय गावाला गेले, तिथल्या मंडळीला झाकरीची गाणी शिकवायला. परत आले ते गप्प. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, तिथे येसूबाई म्हणून एक आहे, जन्मभर ऊस तोडलेली. तिचे दोन्ही हात हलतात. घरच्यांना वाटतं अंगात काही शिरलंय. मागच्या खोपटात ठेवलंय, ताट वेगळं, ओझा येऊन मंत्र घालून झाडून जातो. "तारे, मी तिच्या हातापाशी माझा हात नेला. दोन्ही एकाच तालात! ती हसली गो. म्हणाली, बापू, आता मृदंग आणा." आणि मग म्हणाले, "लिहायला घे. येत्या रविवारी हे सांगायचंय."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. एक पूर्ण पान. स्वतःच्या आजाराबद्दल. इथल्या कुठल्या नाव असलेल्या माणसानं असं कधी केलं होतं? आजार म्हणजे घराच्या आतली गोष्ट. नाव होतं म्हणून तर लपवायचा.

रविवार आला. जाड पडद्यांची खोली, लाल दिवा लागला. पहिलं पान, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं ते होतं. आणि मी पाचवं पान उचललंच नाही. ते चौथ्याच्या खाली सरकवलं आणि भजनाचं पान त्यांच्यासमोर धरलं.

बापू थांबले. माझ्याकडे बघितलं. ह्या आजारात चेहराही थिजतो हो — हसू नाही, राग नाही, लाकडासारखा. म्हणून त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून पुष्कळ वर्षं मी त्यात मला सोयीचं तेच वाचलं. त्यांना ते पान पाठ होतं. मला ठाऊक आहे, पाठ होतं. पानाशिवायही बोलता आलं असतं. दिवा लालच होता. ते वळले आणि भजन म्हणाले.

परत येताना काही विचारलं नाही. बसमधून उतरल्यावर लाबुतिकासमोर, कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, थांबून म्हणाले, "तारे, हिरव्या बांगड्या आल्यात का विचार आत. लग्नाला लागतील."

हो, लग्न. रोझ हिलच्या घरी माझं जमलं होतं. मुलगा सरकारी कचेरीत, आपल्यातला, शांत. मी चोवीस वर्षांची, म्हणजे त्या काळी उशीरच झालेला. दिवाळीनंतरची तारीख. आणि वराकडचे रेडिओ लावून बसणार, बाप सांगणार की मला मेंदूचं दुखणं आहे — कुठली सासू म्हणेल, हरकत नाही, आण मुलगी? दोक्तेर म्हणाला असेल, पोरांत उतरत नाही. पण दोक्तेर थोडाच मुलगी बघायला येतो?

इथवर मी मनात अनेकदा आले आहे. झोपाळ्यावर बसून, भाजी निवडताना, इथवर येऊन थांबायचं. एक पान लपवलं, लग्नासाठी लपवलं, मुली लपवतात — असं म्हणून उठायचं. पण एवढंच असतं तर मी आज लिहायला बसले नसते. पान लपवायचं खरं कारण हे नव्हतंच.

त्या पानात एक ओळ होती. "मी पीत नाही."

आता मागे जाते. त्या रविवारच्या तीन-साडेतीन महिने आधी. आमच्या घरी सत्यनारायण होता आणि रोझ हिलची मंडळी पहिल्यांदा आली होती. पूजा झाली, बापू सगळ्यांना तीर्थ देत होते. माझ्या होणाऱ्या सासूच्या ओंजळीपर्यंत पळी पोचली आणि हात असा हलला की तीर्थ तिच्या नव्या साडीवर. मी तिला साडी पुसायला स्वयंपाकघरात नेलं. ती पुसता पुसता हळूच म्हणाली, "काय गो, बापूंच्या हाताला काय झालं? रक्तातलं तर नाय ना काही? तुमच्यात आणखी कुणाला?"

मी तिच्याकडे बघितलं. आणि मला शब्द शोधावे लागले नाहीत. आधीच तयार असल्यासारखे आले.

"नाही काकी. रक्तातलं कुठलं? बापू — घेतात थोडी. संध्याकाळची. आई गेल्यापासून."

तिचा चेहरा असा सुटला! "बोंद्ये, देवा! रोमच ना, दारूच? मी उगाच घाबरले. पुरुषमाणूस आहे, होतं. आमच्या यांचंही तेच." आणि माझ्या गालाला हात लावून बाहेर गेली, प्रसाद मागून घेऊन खाल्ला.

बघा, असे होतो आम्ही. बाप पितो म्हटलं तर लग्न जमतं, बाप आजारी म्हटलं तर मोडतं.

आणि कुणाबद्दल बोलले मी हे? ज्यांचा बाप मळ्यावर रोम पिऊन पिऊन उसाच्या सरीत मेला, आणि त्या दिवसापासून ज्यांनी लग्नाकार्यातसुद्धा ग्लास उपडा ठेवला, त्यांच्याबद्दल. झाकरीच्या रिंगणात कुणाच्या तोंडाला वास आला तर मृदंग थांबवायचे ते. हे मला ठाऊक नव्हतं? मलाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

सासूच्या बहिणीचा नवरा आमच्या गणपतीच्या मंडळीत होता. पुढचं काय सांगायला हवं? रेडिओच्या त्या रविवारनंतर आठवड्यानं, गणपतीच्या तोंडावर, मंडळीतले दोघे घरी आले. बसले, टोपी फिरवत राहिले. "बापू, यंदा तुम्ही खुर्चीत बसून बघा. मृदंग दुसरा कुणी घेईल."

"का रे? हात हलतो, पण ताल चुकतो का माझा कधी?"

"ताल नाय हो बापू. देवापुढचं आहे. जरा... शुद्ध हात हवा."

मी चहा घेऊन दारात उभी होते. बापूंनी उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला. मी चहा ठेवला. साखर कुणाला किती, विचारलं. आणि आत गेले. एक वाक्य लागलं असतं. मी साखर विचारली.

त्या गणपतीत ते खुर्चीतही बसले नाहीत. घरीच राहिले. रेडिओचं बोलावणंही वर्षभरात बंद झालं. माझं लग्न झालं, हिरव्या बांगड्या भरून झालं. नवरा भला माणूस मिळाला, खोटं बोलणार नाही. पण कधी मुलींना आजोबांबद्दल सांगायचा तर म्हणायचा, "तुमच्या आजाचा गळा सोन्याचा. रोमनं खाल्लं बिचाऱ्याला." मी भात वाढत असायची. वाढत राहायची. मुलींनी तेच त्यांच्या पोरींना सांगितलं. कुणाचा दोष नाही त्यात. मीच तर पहिल्यांदा सांगितलेलं.

बापू इथल्या स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, सदुसष्ट साली गेले. शेवटी घास गिळता येत नव्हता. तेराव्याला बों अक्योयहून एक बाई आली, माझ्याहून मोठी, उन्हानं रापलेली. म्हणाली, मी येसूबाईची लेक. आई चार वर्षांमागं गेली. त्याच खोपटात गेली, म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन बसली, माझं सांत्वन करायला, आणि सहज बोलून गेली — तिला कुठे ठाऊक होतं ती काय बोलते आहे.

"बापू त्या दिवशी आईजवळ बसले, मग आमाला म्हणाले, हे दुखणं आहे, मलाबी तेच आहे, हिला दोक्तेरकडं न्या. माझा भाऊ तोंडाचा फटकळ. म्हणाला, तुमचं दुखणं बाटलीतलं आहे बापू, आमच्या आईची बरोबरी करू नका. बापू म्हणाले, कोण सांगतं असं? भाऊ म्हणाला, तुमच्याच घरनं कळलंय. तुमची लेकच बोलली म्हणं."

मी विचारलं, मग?

"मग काय नाय. टोपी घातली, निघाले. दारात वळून म्हणाले, येत्या रविवारी रेडिओ लावा. आमी लावला की. सगळी बसलो, आईलाबी उचलून आणलं. त्यांनी नुसतं भजन म्हटलं. भाऊ म्हणाला, बघा."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. बों अक्योयहून गप्प आले तेव्हा ठाऊक होतं. "तारे, लिहायला घे" म्हणाले तेव्हा ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता आलं असतं ना? बैठक्याचे गुरुजी होते, शेजारी होते. पण त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. माझ्या हातात ते पान दिलं आणि तीन दिवस माझ्याकडेच राहू दिलं. आणि लाल दिव्याखाली माझ्याकडे बघून थांबले. किती वेळ? दोन श्वास असतील. ते दोन श्वास माझे होते.

येसूबाईला त्या दिवशी उचलून आणलं होतं ऐकायला. हे मी कधीकधी जेवताना आठवते आणि जेवते.

ते पान माझ्याकडे आहे. साठ सालच्या सिक्लोनात, त्या मोठ्या वादळात, घराचे पत्रे उडाले तेव्हा मी बिस्किटांचा डबा पोटाशी धरून पलंगाखाली शिरले होते. दागिने त्यात नव्हते, हे पान होतं. जाळलं का नाही? ते मलाच कळलेलं नाही. आज ते समोर ठेवलंय आणि बघून उतरवते. अक्षर माझं आहे, बोलणं त्यांचं.

"ऐकणाऱ्या सगळ्यांना रामराम. आज भजनाआधी थोडं माझं सांगतो. माझा हात हलतो हे तुम्ही बघितलं असेल. ह्या आजाराला पार्किन्सन म्हणतात. मराठी नाव मला सापडलं नाही, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. हे मेंदूच्या नसांचं दुखणं आहे. कुणाची करणी नाही, कुणाचं पाप नाही, हाताला हात लागून होत नाही. तुमच्या घरी कुणाचे हात थरथरत असतील, पाय ओढत असतील, चेहऱ्यावरचं हसू गेलं असेल, तर त्याला मागच्या खोलीत ठेवू नका. त्याचं ताट वेगळं करू नका. दोक्तेरकडे न्या. सांगायला लाज वाटली तर म्हणा, रेडिओवाल्या बापूला आहे तेच आहे. मी पीत नाही. कधी प्यालो नाही. माझ्याबद्दल तसं कुणी बोललं असेल, तर ते भीतीनं बोललं असेल. आता भजन."

शेवटून दुसरं वाक्य त्यांनी माझ्यासाठी घातलं होतं. लिहिताना मला कळलं नाही. आता कळतं, आणि मी ते घेत नाही. मी घाबरलेली होते, खरं आहे. पण स्वयंपाकघरात मी घाबरले त्याला एक क्षण झाला. साखर विचारली तेव्हा मी घाबरलेली नव्हते. चाळीस वर्षं भात वाढला, तेव्हाही नव्हते.

नात शनिवारी यायची आहे. हे तिच्यापुढे ठेवीन. मराठी तिला हळू वाचता येतं, बोट ठेवून वाचते, तेव्हा वेळ लागेल. मी समोर बसेन.

बापू पीत नव्हते. पितात, असं मी सांगितलं.